जुन्या शैक्षणिक सीडी आणि ‘प्लगिन सपोर्टेड नाही’: मुक्त सॉफ्टवेअरनं काम कसं मार्गी लावायचं

‘सर, सीडी चालून नाही राहिली.’ जूनच्या अखेरीस शाळा उघडल्या की नागपुरातल्या संगणक खोल्यांमधून ही तक्रार हमखास येते. मग जो तो आपापला उपाय करतो. कुणी कुठल्यातरी साइटवरून जुना फ्लॅश प्लेअर (ब्राउझरमध्ये ॲनिमेशन आणि खेळ चालवणारं अडोबीचं जुनं सॉफ्टवेअर) उतरवतं, कुणी संगणकाची तारीख मागे नेऊन २०२० करतं, तर कुणी सीताबर्डीहून ‘सगळं कन्व्हर्ट करणारं’ सॉफ्टवेअर पेन ड्राइव्हवर घेऊन येतं. तिन्ही उपायांत चूक एकच आहे. फाइलच्या आत नेमकं काय आहे हे न बघता साधन बसवलं जातं. फ्लॅशच्या नावानं ओळखल्या जाणाऱ्या सीडीवर कधी साधा व्हिडिओ असतो, कधी प्रश्नमंजूषा असते, तर कधी फ्लॅशशी संबंध नसलेलंच काही निघतं. प्रत्येकाचा इलाज वेगळा आहे, म्हणून खालचा क्रम मोडू नका.

## आधी एवढं समजून घ्या

अडोबीनं फ्लॅशचा आधार ३१ डिसेंबर २०२० ला थांबवला आणि १२ जानेवारी २०२१ पासून प्लेअरनं स्वतःच फ्लॅशचा मजकूर चालवणं बंद केलं. ब्राउझरमध्ये बाहेरचे प्लगिन (जादा काम करणारी छोटी सॉफ्टवेअरं) जोडण्याची जुनी सोय, म्हणजे एनपीएपीआय, त्याआधीच गेली होती. क्रोमनं ती २०१५ मध्ये काढली. फायरफॉक्सनं मार्च २०१७ मध्ये फ्लॅश सोडून बाकी सगळ्या प्लगिनसाठी ती बंद केली.

म्हणूनच जुन्या लेखांत सुचवलेले नॅश, मूनलाइट किंवा व्हीएलसीचा ब्राउझर प्लगिन हे मुक्त स्रोत पर्याय आज उपयोगाचे नाहीत. ते मुक्त असले तरी त्यांना जोडायला ब्राउझरमध्ये जागाच उरलेली नाही. आजचे पर्याय तीन प्रकारांत मोडतात: ब्राउझरच्या आतच चालणारा एम्युलेटर (जुन्या प्लेअरची नक्कल करणारं सॉफ्टवेअर), ब्राउझरचा स्वतःचा व्हिडिओ प्लेअर आणि ब्राउझरबाहेरचा स्वतंत्र प्लेअर.

खबरदारी: तारीख मागे नेण्याचा उपाय करू नका. सुरक्षित साइटची प्रमाणपत्रं तारखेवर तपासली जातात, त्यामुळे जीमेलपासून शासकीय पोर्टलपर्यंत एकही साइट नीट उघडत नाही. अँटीव्हायरसचे अपडेटही अडतात. जुन्या फ्लॅश प्लेअरच्या नावाखाली काय उतरेल याचीही खात्री नसते.

## तयारी

सगळ्या खोलीत एकदम प्रयोग करू नका. एक संगणक निवडून त्यावर सगळं जमवा आणि मग बाकीच्यांकडे वळा. त्यावर ६४ बिटचं विंडोज १० किंवा त्यापुढचं, नाहीतर लिनक्स मिंटसारखं एखादं लिनक्स असावं. मेमरी ४ जीबी पुरते, ८ असेल तर रूपांतराचं काम सुसह्य होतं. नव्या संगणकांत डिस्क ड्राइव्ह नसतो, तेव्हा यूएसबीचा डीव्हीडी ड्राइव्ह लागेल. तो संगणकाच्या मागच्या पोर्टला लावा. पुढच्या पोर्टवर वीज कमी पडली की ड्राइव्ह मध्येच थांबतो आणि दोष सीडीला दिला जातो.

जागेचा हिशेब सोपा आहे. एका सीडीला जास्तीत जास्त ७०० एमबी धरा, म्हणजे ५० सीडींना ३५ जीबी. मूळ प्रत आणि कामाची प्रत वेगळी ठेवायची असल्यानं ७० जीबी मोकळी हवी.

सॉफ्टवेअर एवढं लागेल आणि ते सगळं मुक्त स्रोत आहे:

- सेव्हन-झिप: डिस्कच्या प्रतिमा उघडायला आणि प्रती जुळतात का ते तपासायला.
- व्हीएलसी: फाइलमध्ये कोणता कोडेक (चित्र-आवाज दाबून साठवण्याची पद्धत) आहे ते बघायला.
- रफल: फ्लॅशचा एम्युलेटर. डेस्कटॉप आवृत्ती आणि ब्राउझर एक्स्टेन्शन, दोन्ही घ्या.
- जेपेक्स फ्री फ्लॅश डीकंपायलर: फ्लॅश फाइलच्या आत डोकावायला. त्याला जावा लागतं.
- हँडब्रेक आणि ॲव्हिडेमक्स: व्हिडिओच्या कामाला.

प्रत्येक सॉफ्टवेअर त्याच्या मूळ साइटवरूनच घ्या. सर्चमध्ये सगळ्यात वर जाहिरातीचा दुवा असतो, त्याच्या नादी लागू नका.

विंडोज ७ असलेले संगणक अजून बऱ्याच शाळांत आहेत. त्यांच्यासाठी क्रोमची शेवटची आवृत्ती १०९ होती आणि या यादीतल्या नव्या आवृत्त्याही तिथे अडतात. अशा संगणकावर विंडोजशी झटापट करण्यापेक्षा हलकं लिनक्स टाकणं कमी कटकटीचं.

सीडी आणि डीव्हीडीच्या प्रती काढायचं काम उन्हाळी सुटीतच उरका, पण दुपारी नको. पारा पंचेचाळिशी गाठतो तेव्हा बंद खोलीत ड्राइव्ह आणि संगणक दोन्ही तापतात. डिस्क कूलरच्या झोतात मांडून ठेवण्याची सवय तर सोडाच. कूलरच्या हवेत ओल असते आणि धूळही असते, आणि दोन्ही डिस्कच्या पृष्ठभागावर बसतात.

## टप्पा १: डिस्कची प्रत काढा

१. डिस्क स्वच्छ, मऊ, सुती कापडानं पुसा. मधल्या भोकापासून कडेकडे सरळ रेषेत पुसायचं. गोल गोल फिरवून पुसल्यास पडणारा ओरखडा माहितीच्या वळणाबरोबरच जातो आणि ड्राइव्हला तो सावरता येत नाही.

२. शक्य असेल तर फोल्डर कॉपी न करता पूर्ण डिस्कची आयएसओ प्रतिमा, म्हणजे सगळी डिस्क जशीच्या तशी एका फाइलमध्ये, काढा. लिनक्सवर ब्रासेरो किंवा केथ्रीबी हे काम करतं. काही सीडी सुरू होताना डिस्कचं नाव तपासतात. फोल्डर कॉपी केलं तर ते नाव हरवतं आणि ‘कृपया सीडी टाका’ असा संदेश येतो. विंडोज १० मध्ये आयएसओवर डबल क्लिक केलं की ती खऱ्या डिस्कसारखी उघडते.

३. ओरखडे पडलेल्या डिस्कसाठी लिनक्सवरचं डीडीरेस्क्यू वापरा. ते वाचता येणारा भाग आधी उचलतं आणि खराब भागाकडे नंतर वळतं. साधी कॉपी पहिल्याच अडथळ्याला हात टेकते.

४. प्रतिमेला डिस्कवरचंच नाव द्या, पुढे इयत्ता आणि विषय लिहा. मूळ प्रत ‘फक्त वाचण्यासाठी’ करून बाहेरच्या डिस्कवर ठेवा. पुढचे सगळे प्रयोग दुसऱ्या प्रतीवरच करायचे.

पडताळणी: सेव्हन-झिपमध्ये दोन्ही प्रतींचा शा-२५६, म्हणजे फाइलच्या मजकुरावरून निघणारा ओळखीचा आकडा, काढा. आकडा जुळला तरच डिस्क कपाटात ठेवा.

डिस्क शाळेनं विकत घेतली असली तरी प्रती काढण्याचा परवाना तपासा. शाळेच्या खोलीपुरता वापर ही एक गोष्ट आणि तोच मजकूर साइटवर चढवणं ही दुसरी.

## टप्पा २: आत काय आहे ते ओळखा

सगळ्यात जास्त वेळ इथे द्या. बहुतेक जण हाच टप्पा गाळतात आणि नंतर दोन दिवस घालवतात.

आधी विंडोजच्या व्ह्यू मेनूत फाइलची एक्स्टेन्शन दाखवण्याची खूण चालू करा. मग प्रतिमेच्या मुख्य फोल्डरमध्ये ‘ऑटोरन’ नावाची इन्फ फाइल शोधून नोटपॅडमध्ये उघडा. त्यात ‘ओपन’ या शब्दापुढे जी फाइल लिहिलेली असते तिथूनच सीडी सुरू होते. बाकीच्या शेकडो फाइल तिचे नोकर. सुरुवातीची फाइल सापडली की अर्धं निदान झालंच.

आता एक्स्टेन्शनप्रमाणे वर्गवारी करा:

- एफएलव्ही, डब्ल्यूएमव्ही, एमओव्ही, आरएम, एमपीजी, डॅट: साधा व्हिडिओ. टप्पा ३ कडे जा.
- एसडब्ल्यूएफ: खरं फ्लॅश. टप्पा ४.
- ईएक्सई: यात फ्लॅशचा प्लेअर आणि मजकूर एकत्र बांधलेला असू शकतो. याला प्रोजेक्टर म्हणतात. याचाही मार्ग टप्पा ४ मध्ये आहे.
- डीसीआर, डीएक्सआर: हे फ्लॅश नव्हे, शॉकवेव्ह हे त्याच्यासारखंच दुसरं जुनं तंत्र. रफल हे चालवत नाही. टप्पा ७.
- एक्सएपी: सिल्व्हरलाइट, हेही फ्लॅशसारखं वेगळं तंत्र. मायक्रोसॉफ्टनं त्याचा आधार ऑक्टोबर २०२१ मध्ये संपवला. हेही टप्पा ७ मध्ये.

काही प्रकाशकांनी नक्कल होऊ नये म्हणून एक्स्टेन्शन बदलून ठेवलेली असतात. एखादी फाइल ‘डॅट’ किंवा ‘बिन’ नावानं असते आणि कशातच उघडत नाही. ती छोटी असेल तर नोटपॅडमध्ये उघडा आणि अगदी सुरुवातीची तीन-चार इंग्रजी अक्षरं बघा. पुढचा कचरा दिसेल तो दिसू द्या. एफ-डब्ल्यू-एस, सी-डब्ल्यू-एस किंवा झेड-डब्ल्यू-एस असेल तर ती फ्लॅश फाइल आहे. पहिली न दाबलेली, बाकी दोन वेगवेगळ्या पद्धतींनी दाबलेल्या. एफ-एल-व्ही असेल तर व्हिडिओ. एक्स-एफ-आय-आर किंवा आर-आय-एफ-एक्स दिसलं तर शॉकवेव्ह.

खबरदारी: नोटपॅडमध्ये फक्त बघा, ‘सेव्ह’ करू नका. एकदा सेव्ह झालं की फाइल कायमची बिघडते. कामाची प्रत वेगळी ठेवायला सांगितली ती यासाठीच.

फ्लॅश फाइल सापडल्यावर मुख्य फाइल जेपेक्समध्ये उघडा. हेडरमध्ये आवृत्तीचा आकडा दिसतो. ८ किंवा त्याखालचा असेल तर आतली भाषा ॲक्शनस्क्रिप्ट १ किंवा २ आहे आणि रफलमध्ये ती सहसा सुरळीत चालते. ९ किंवा वरचा असेल तर ॲक्शनस्क्रिप्ट ३ असण्याची शक्यता आहे, पण खात्री नाही, कारण ९ आवृत्तीतही जुनी भाषा वापरता येत होती. डावीकडच्या यादीत ‘डू-एबीसी’ नावाचा टॅग असेल तर ती ३ समजा. तिचा आधार रफलमध्ये बराच वाढला असला तरी अजून पूर्ण नाही. प्रत्येक सीडीपुढे ही नोंद वहीत करून ठेवा, कारण टप्पा ७ मध्ये तिच्यावरूनच निर्णय करायचा आहे.

## टप्पा ३: साधे व्हिडिओ

व्हिडिओच असेल तर फ्लॅशचा विचार डोक्यातून काढून टाका. जुन्या वेबपानांवर फ्लॅशचा प्लेअर फक्त बटणं दाखवायला होता. चित्र त्याच्या शेजारच्या एफएलव्ही फाइलमध्ये आहे आणि तीच आपल्याला हवी.

१. फाइल व्हीएलसीत उघडा आणि कंट्रोल व जे दाबा. कोडेकची माहिती दिसेल.

२. चित्र एच २६४ आणि आवाज एएसी असेल तर नव्यानं एन्कोड करायची गरज नाही, फक्त वेष्टण (फाइलचा बाहेरचा प्रकार) बदलायचं. ॲव्हिडेमक्समध्ये फाइल उघडून व्हिडिओ ‘कॉपी’, ऑडिओ ‘कॉपी’ आणि आउटपुट एमपी४ ठेवा आणि सेव्ह करा. काही सेकंदांत काम होतं आणि चित्राचा दर्जा जराही घटत नाही. हीच फाइल हँडब्रेकला दिली तर ते ती पुन्हा एन्कोड करतं. वेळ जातो आणि चित्रही थोडं बिघडतं.

३. कोडेक सोरेन्सन, व्हीपी६, डब्ल्यूएमव्ही, रिअल किंवा एमपेग-१ असेल तर मात्र हँडब्रेक. एमपी४, एच २६४, दर्जाचा आरएफ आकडा २० ते २२, फ्रेमरेट मूळ फाइलप्रमाणे, आवाज एएसी १२८. ‘वेब ऑप्टिमाइझ्ड’वर खूण हवीच. तिच्यामुळे फाइलची सूची सुरुवातीला येते आणि नेटवर्कवरून व्हिडिओ लगेच सुरू होतो.

४. हँडब्रेक काळ्या कडा आपोआप कापतं. शैक्षणिक व्हिडिओत खालच्या काळ्या पट्टीवरच सूत्रं किंवा शब्दार्थ लिहिलेले असतात. क्रॉपिंग ‘नन’ करा.

५. मूळ चित्र ३२० बाय २४० असेल तर तेवढंच ठेवा. मोठं करून नवा तपशील येत नाही, फाइल मात्र फुगते.

एच २६५ किंवा एव्ही१ निवडण्याचा मोह टाळा. खोलीतल्या दहा वर्षांपूर्वीच्या प्रोसेसरला ते झेपत नाही, आणि एच २६५ तर सगळ्या ब्राउझरांत चालतही नाही. एच २६४ या पद्धतीवर पेटंट आहेत, जरी ती वापरणारं एक्स२६४ हे एन्कोडर मुक्त असलं तरी. पूर्ण मुक्त मार्गच हवा असेल तर वेबएम वेष्टणात व्हीपी९ आणि ओपस घ्या. एन्कोडिंगला जास्त वेळ लागेल, एवढंच. लिनक्सवरच्या फायरफॉक्समध्ये एच २६४ दिसत नसेल तर सिस्टिमचे एफएफएमपेगचे कोडेक बसवलेले नाहीत.

सीडीची पानं एचटीएमएलमध्ये असतील तर त्यातला जुना ‘ऑब्जेक्ट’ आणि ‘एम्बेड’चा भाग काढून त्या जागी ‘व्हिडिओ’ टॅग घाला आणि त्यात ‘कंट्रोल्स’ लिहायला विसरू नका. तो शब्द नसेल तर चित्र दिसतं, पण चालू करायला बटणच नसतं.

पडताळणी: प्रत्येक फाइल सुरुवातीला, मध्ये आणि शेवटच्या मिनिटात पाहा. ओठ आणि आवाज जुळतात का हे शेवटीच कळतं. गफलत सुरुवातीला दिसत नाही, ती वाढत जाते.

वीज जाण्याचा भरवसा नसतो. शंभर फाइल रांगेत लावून घरी जायचं असेल तर यूपीएस लावा, नाहीतर लॅपटॉपवर काम करा. मध्येच तुटलेली एमपी४ फाइल फोल्डरमध्ये दिसते, पण उघडत नाही.

## टप्पा ४: एसडब्ल्यूएफ आणि रफल

रफल रस्ट भाषेत लिहिलेलं आहे आणि ब्राउझरमध्ये वेबअसेंब्लीच्या रूपात चालतं, त्यामुळे ते ब्राउझरच्या सुरक्षेच्या चौकटीतच राहतं. त्याचे तीन अवतार आहेत: एक्स्टेन्शन, डेस्कटॉप आवृत्ती आणि सर्व्हरवर ठेवायचा संच (तो टप्पा ६ मध्ये). चुका होतात त्या कोणत्या कामाला कोणता अवतार, यात.

एकच फाइल असेल तर एक्स्टेन्शन. क्रोम किंवा फायरफॉक्सच्या अधिकृत भांडारातून बसवा. क्रोममध्ये एक्स्टेन्शनच्या तपशिलात जाऊन ‘फाइल यूआरएलना परवानगी द्या’ हे चालू करा. मुळात ते बंद असतं आणि ‘रफल बसवलं तरी काही होत नाही’ या तक्रारीचं सगळ्यात सामान्य कारण हेच. मग फाइल ओढून टॅबमध्ये टाका.

एक्स्टेन्शनच्या स्वतःच्या प्लेअर पानावर फाइल निवडूनही चालवता येते, पण तिथे ती फाइल एकटी पडते. मुख्य फाइल शेजारच्या धड्यांच्या फाइल मागते आणि त्या तिला मिळत नाहीत. मेनू दिसतो, ‘धडा १’वर क्लिक केलं की नुसता पांढरा पडदा. असं झालं तर दोष फाइलचा नाही, मार्ग बदला.

अनेक फाइल असतील तर डेस्कटॉप आवृत्ती. पूर्ण फोल्डर जसंच्या तसं ठेवून मुख्य फाइल उघडा. मजकूर शेजारची फाइल वाचू लागला की रफल परवानगी विचारतं. घाईत ‘नाही’ दाबलं तर धडे उघडत नाहीत. फोल्डर विश्वासाचं असेल तर ‘हो’ म्हणा.

डेस्कटॉप आवृत्ती ग्राफिक्स कार्डवर जास्त अवलंबून असते. जुन्या संगणकात ती उघडताच बंद पडली तर ब्राउझरमधलं रफल वापरून बघा. ग्राफिक्स कमजोर असतील तरी तिथे ते बऱ्याचदा काम भागवतं. हालचाल अडखळत असेल तर क्वालिटी ‘लो’ करा.

प्रोजेक्टरची ईएक्सई असेल तर फ्लॅशचा मजकूर त्या फाइलच्या शेवटी चिकटवलेला असतो. जेपेक्समध्ये फाइल उघडताना खालच्या यादीतून ‘बायनरी सर्च’ निवडा आणि ती ईएक्सई द्या. आतली फ्लॅश फाइल सापडली की ती वेगळी सेव्ह करा, मात्र त्याच फोल्डरमध्ये, ईएक्सईच्या शेजारीच. डेस्कटॉपवर सेव्ह केली तर आतले सगळे पत्ते चुकतात.

मेनूतली काही बटणं तरीही हलणार नाहीत. प्रोजेक्टर दुसरा प्रोग्रॅम सुरू करण्याची आज्ञा देऊ शकत असे. रफल ती पाळत नाही, आणि हे योग्यच आहे. अशा मेनूचा नाद सोडून धड्यांच्या फाइल थेट उघडा.

आवाज येत नाही म्हणून केबल बदलण्याआधी पडद्यावर एकदा क्लिक करा. वापरणाऱ्यानं पानावर क्लिक केल्याशिवाय ब्राउझर आवाज सुरू होऊ देत नाही.

पडताळणी: नुसतं पहिलं पान दिसलं म्हणजे झालं असं नाही. एक प्रश्नमंजूषा पूर्ण सोडवा, मुद्दाम चुकीचं उत्तरही द्या आणि गुण बरोबर मोजले जातात का बघा. ओढून जोडा लावण्याचा एक खेळ तपासा. मागे जाण्याचं बटण दाबा. त्रास होतो तो याच जागांवर.

रफलची नवी बांधणी जवळपास रोज निघते. जी तुमच्या सीडींवर नीट चालली तिची झिप तारखेसह ठेवा आणि वर्ग सुरू असताना बदलू नका. नवी बांधणी दिवाळीच्या सुटीत तपासा.

## टप्पा ५: मराठीचा गिचमिडा

इंग्रजी सीडी चालतात आणि मराठी सीडीवर अक्षरांऐवजी इंग्रजी चिन्हांची खिचडी दिसते, तेव्हा दोष फॉन्टचा असतो. युनिकोड रुळण्याआधीच्या सीडी शिवाजी, श्रीलिपी, कृतीदेव, आकृती अशा फॉन्टांवर बेतलेल्या आहेत. त्यांत ‘क’च्या जागी प्रत्यक्षात एखादं इंग्रजी अक्षर किंवा चिन्ह साठवलेलं असतं, ते ‘क’सारखं दिसतं ते फॉन्टमुळेच.

जेपेक्समध्ये ‘फॉन्ट्स’चा फोल्डर उघडा. फॉन्टच्या नावापुढे अक्षरं दिसली तर ती फाइलमध्येच बसवलेली आहेत आणि मजकूर कुठेही बरोबर दिसेल. अक्षरं नसतील आणि फक्त नाव असेल तर तो फॉन्ट संगणकावर असायला हवा.

१. नाव अचूक टिपून घ्या, आकड्यांसकट. एकाच घराण्यातल्या दोन फॉन्टांची मांडणी वेगळी असू शकते.

२. सीडीवरच ‘फॉन्ट्स’ नावाचं फोल्डर शोधा. बहुतेक प्रकाशकांनी ते दिलेलं असतं, कारण त्या काळीही तो बसवल्याशिवाय सीडी चालत नसे.

३. फॉन्ट ‘सर्व वापरकर्त्यांसाठी’ बसवा. फक्त आपल्या लॉगिनला बसवला तर विद्यार्थ्यांच्या लॉगिनमध्ये पुन्हा तीच खिचडी.

४. मजकूर डेस्कटॉप रफलमध्ये उघडा. ब्राउझरमधल्या रफलला संगणकावरचे फॉन्ट सहज मिळत नाहीत, तेव्हा अशा सीडी डेस्कटॉपवरच ठेवलेल्या बऱ्या.

सीडीची एचटीएमएल पानंही अशीच बिघडलेली दिसतात. तिथे इंटरनेट एक्सप्लोररपुरता चालणारा ईओटी फॉन्ट वापरलेला असतो. मूळ फॉन्ट बसवला की बहुधा पान वाचता येतं. पुढे पुन्हा वापरायचा मजकूर असेल तर युनिकोडमध्ये बदलून घ्या, पण रूपांतरानंतर डोळ्यांनी वाचल्याशिवाय छापू नका. रफार, पहिली वेलांटी आणि ‘क्ष’, ‘ज्ञ’ या जागा हमखास चुकतात.

खबरदारी: जे फॉन्ट विकत घेतलेल्या संचातले आहेत ते इंटरनेटवर वाटू नका.

## टप्पा ६: सगळ्या खोलीला एकाच संगणकावरून

वीस संगणकांवर वीस प्रती ठेवल्या की महिनाभरात कोणती खरी हे कुणालाच सांगता येत नाही. शिक्षकांच्या संगणकावर छोटा वेब सर्व्हर ठेवा. झॅम्प हा तयार संच बसवून त्यातलं फक्त अपाची (हाच वेब सर्व्हर) चालू करा, डेटाबेसची गरज नाही. पायथनबरोबर येणारा चिमुकला सर्व्हरही चालतो, पण त्यावर व्हिडिओ पुढेमागे सरकवता येत नाही, म्हणून वर्गासाठी अपाचीच बरा.

१. झॅम्पच्या ‘एचटीडॉक्स’ फोल्डरमध्ये प्रत्येक सीडीचं फोल्डर ठेवा. फोल्डरच्या नावात इंग्रजी लहान अक्षरं, आकडे आणि जोडरेष एवढंच. रिकामी जागा नको.

२. फोल्डरच्या आतल्या एसडब्ल्यूएफ फाइलची नावं मात्र बदलू नका. ती एकमेकींना नावानं हाक मारतात.

३. रफलचा ‘सेल्फ-होस्टेड’ संच उतरवा आणि झिपमधल्या सगळ्या फाइल एका फोल्डरमध्ये ठेवा. बरेच जण फक्त मुख्य जावास्क्रिप्ट फाइल उचलतात. वॅझमच्या (वेबअसेंब्लीच्या) फाइल मागे राहतात आणि रफल सुरूच होत नाही.

४. प्रत्येक पानाच्या ‘हेड’मध्ये रफलच्या स्क्रिप्टची एक ओळ घाला, बाकीच्या स्क्रिप्टच्या आधी. एसडब्ल्यूएफसाठीचे जुने ‘ऑब्जेक्ट’ आणि ‘एम्बेड’ टॅग काढू नका. रफल तेच शोधून त्यांच्या जागी स्वतः बसतं. टप्पा ३ मध्ये काढायला सांगितले ते व्हिडिओसाठी. या दोहोंत गल्लत फार होते.

५. स्क्रिप्ट आपल्याच सर्व्हरवरून घ्या, बाहेरच्या दुव्यावरून नको. इंटरनेट गेलं तरी तास थांबायला नको.

६. विंडोजच्या फायरवॉलनं विचारल्यावर ‘खासगी नेटवर्क’ला परवानगी द्या. राउटरमध्ये या संगणकाचा आयपी पत्ता पक्का करून घ्या, नाहीतर राउटर बंद-चालू झाला की वीस संगणकांवरचे बुकमार्क निकामी होतील.

पान फाइलवर डबल क्लिक करून उघडलं तर हा संच चालत नाही. पत्ता सर्व्हरचा असायला हवा. रफलनं वॅझमच्या ‘माइम टाइप’ची तक्रार केली तर सर्व्हरच्या यादीत त्या एक्स्टेन्शनसमोर ‘ॲप्लिकेशन/वॅझम’ हा प्रकार जोडा आणि अपाची पुन्हा सुरू करा.

सर्व्हर लिनक्सवर असेल तर लहान-मोठ्या अक्षरांचा फरक पडतो. डिस्कवर ‘चॅप्टर’चं पहिलं अक्षर मोठं आणि मजकुरात लहान असेल, तर विंडोजवर धडा उघडतो आणि लिनक्सवर सापडत नाही. अपाचीच्या एरर लॉगमध्ये नेमकी कोणती फाइल मिळाली नाही ते लिहिलेलं असतं. अंदाज बांधण्यापेक्षा ते वाचा.

## टप्पा ७: जे चालत नाही त्याचं काय

वहीत ॲक्शनस्क्रिप्ट ३ लिहिलेल्या आणि रफलमध्ये अडलेल्या सीडी, शॉकवेव्ह आणि सिल्व्हरलाइट हे सगळे इथे येतात.

ॲक्शनस्क्रिप्ट ३ साठी आधी लाइटस्पार्क वापरून बघा. तेही मुक्त आहे आणि रफल जिथे अडतं तिथे एखाद्या वेळी चालून जातं. नाहीच जमलं तर जेपेक्समधून चित्रं, आवाज आणि मजकूर बाहेर काढा आणि लुमी या मुक्त डेस्कटॉप सॉफ्टवेअरमध्ये एचफाइव्हपी या ब्राउझरमध्ये चालणाऱ्या स्वरूपात प्रश्नमंजूषा नव्यानं बांधा. जोड्या लावा, गाळलेल्या जागा, ओढून ठेवा हे सगळे प्रकार त्यात तयार मिळतात. तुमच्या शाळेत मूडल (ऑनलाइन वर्गाचं मुक्त सॉफ्टवेअर) असेल तर तेच तिथेही चढवता येतं. पण पूर्ण सीडी बांधायला बसू नका. शिक्षक खरोखर वापरतात ते चार-पाच धडे निवडा.

नुसतं ॲनिमेशन असेल आणि विद्यार्थ्यानं काही करायचं नसेल तर रफलमध्ये चालवून ओबीएस स्टुडिओनं रेकॉर्ड करा आणि टप्पा ३ मधल्या मापानं एमपी४ करा.

शॉकवेव्हच्या सीडीसाठी स्कमव्हीएम (जुने खेळ चालवणारं मुक्त सॉफ्टवेअर) बघता येईल, काही थोड्या शीर्षकांवर ते चालतं. सिल्व्हरलाइटच्या एक्सएपी फाइलचं एक्स्टेन्शन बदलून झिप केलं की ती सेव्हन-झिपमध्ये उघडते आणि आत ठेवलेली चित्रं-व्हिडिओ निघू शकतात. कार्यक्रम म्हणून ती चालवायचा भरवशाचा मुक्त मार्ग आज नाही. डीआरएम (नक्कल रोखणारं कुलूप) लावलेल्या डब्ल्यूएमव्ही फाइल व्हीएलसीतही उघडणार नाहीत. त्यांच्यावर वेळ घालवू नका, वहीत ‘बंद’ असा शेरा मारा आणि आयएसओ प्रतिमा तेवढी जपून ठेवा.